पालथं घमेलं

दुपारी पावणेतीनच्या सुमाराला वैजयंताचा डोळा लागतो. लागतो म्हणजे काय, अर्धाच. एक कान तबेल्याकडं उघडा असतो. घोड्यांत वीसहून जास्त वर्षं काढलेल्या बाईची झोप ही अशीच. पाठ टेकली तरी पलीकडच्या ठाणातलं जनावर कुठला पाय बदलतंय ते तिला कळतं. दाणाखोलीत कोंड्याची चार पोती आडवी टाकून ती त्यावर पडलीय, आणि उशाला एक जुना खाकी कोट आहे.

कोट दफेदारांचा. दफेदार हैबतराव बर्गे घोडदळातून निवृत्त होऊन साताऱ्याबाहेरच्या या माळावर आले, आणि नलिनी कारखानीस बाईंच्या घोडेस्वारीच्या शाळेत तीस वर्षं घोडी आणि माणसं दोन्ही शिकवत राहिले. वैजयंता चौदा वर्षांची असताना इथं गवताचे भारे घालायला यायची. तिच्या हातात पहिला लगाम त्यांनीच दिला. सव्वा महिन्यापूर्वी ते छातीच्या दुखण्यानं गेले. परवा त्यांच्या बायकोनं, गजराकाकूंनी, हा कोट धुऊन, घडी घालून आणून दिला. "पोरीसारखी हुतीस त्यांना," म्हणाल्या, "तूच ठिव."

आता हा कोट जाळावा तर काकू विचारतील. अंगात घालावा तर अंगच जळेल. म्हणून वैजयंतानं तो उशाला घेतलाय, मनात येईल तेव्हा मुठीनं चेपता येतो.

घोडामैदान जवळच आहे. आज पाच वाजता दोन गोष्टी व्हायच्यात. मेथी नावाच्या कुमैत, म्हणजे तांबूस काळपट, घोडीवर सहा महिन्यांनी पहिल्यांदा माणूस बसायचाय, आणि तो माणूस वैजयंता. आणि तिनं घोडीवर बसून ज्या रिंगणात फेरी मारायची, त्या रिंगणाला दफेदारांचं नाव द्यायचंय. पाटी रंगवून आलीय. रिंगणाच्या फाटकाशी ती चादरीखाली झाकून ठेवलीय. बाईंनी भाषणही लिहून ठेवलंय: दफेदारांनी मरता मरता ही घोडी उभी केली.

खरं काय ते ठाऊक असलेली जिवंत माणसं दोन. एक गजराकाकू, त्यांना आपल्याला ठाऊक आहे हेच ठाऊक नाही. दुसरी वैजयंता.

झालं होतं ते असं. या तबेल्यात दफेदारांनी घालून दिलेला एक कायदा आहे. प्रत्येक ठाणाच्या दाराशी बुटका कट्टा आणि कट्ट्यावर घमेलं. घोड्याला चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा आणि कोंडा, घातली की रिकामं घमेलं कट्ट्यावर पालथं ठेवायचं. पालथं म्हणजे याचं पोट भरलं. उताणं म्हणजे हा उपाशी. लिहिणं नाही, विचारणं नाही, एकमेकांना हाका मारणं नाही. घोड्यांची निगा राखणारा कुणीही मोतद्दार कधीही आला तरी घमेल्याकडं बघून त्याला कळलं पाहिजे. गेल्या भादव्यात एका संध्याकाळी वैजयंतानं मेथीला चंदी घातली, घमेलं पालथं घातलं आणि ती घरी गेली. तासा-दीड तासात मेथी लोळायला लागली. दोनदा चंदी झाली होती तिची. आतड्याला पीळ पडला, ट्रकात घालून शहरातल्या जनावरांच्या इस्पितळात न्यावी लागली, पोट हातभर फाडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बाईंनी विचारलं तेव्हा दफेदार म्हणाले, "घमेलं उताणं हुतं. मी म्हटलं पोरगी इसरली. म्हणून मी घातली."

वैजयंता म्हणाली, मी पालथं घातलं होतं. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिलाच खात्री राहिली नाही. दफेदारांची चूक तीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती, तिची रोज चार पाहिली होती, मग खोटं कोण? तिनं मान खाली घातली. घोडी धावती होईपर्यंत कुठल्याच घोड्यावर बसणार नाही, असं तिथंच बोलून गेली. सहा महिने ती पायी चालली. घोडीच्या नाकाशी नाक लावून, दोर धरून, आधी दहा मिनिटं, मग वीस, मग टेकाडापर्यंत. आणि तेव्हापासून तिनं आपल्या हातांवरचा विश्वास सोडला. कडी लावली तरी तीनदा बघायची. घरी गॅस बंद केला तरी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची.

परवा कोट देताना गजराकाकू सहज म्हणाल्या, "का गं वैजू, ह्ये घमेल्याचं काय हुतं? शेवटच्या आठवड्यात रोज बडबडायचं. घमेलं पालथं हुतं, घमेलं पालथं हुतं. मला वाटलं, तापात हायेत."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वैजयंतानं काकूंना चहा दिला, रिक्षापर्यंत सोडलं, आणि मग गवताच्या गंजीमागं जाऊन ती उलटी होईपर्यंत रडली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे तिला सगळ्यात जास्त टोचतंय.

पत्र्यावर ऊन कडकडतंय. माशा घोंगावतायत. पलीकडं मेथी मागचा डावा पाय टेकवते, उजवा सैल सोडते. वैजयंताच्या पापण्या जड होतात, आणि कोटातून साबणाच्या वासाखाली दबलेला दुसराच एक वास येतो, तंबाखूचा आणि कातड्याच्या तेलाचा.

"ऊठ की. खोगीर कोण घालणार, तुजा बा?"

दारात दफेदार उभे आहेत. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर, मार्च महिन्यात. कोट मात्र अंगात नाही. नुसत्या बनियनवर ते जरा लाजल्यासारखे उभे आहेत. वैजयंताला वाटतं, कोट आपल्या डोक्याखाली आहे, द्यायला हवा. मग वाटतं, का द्यायचा?

"तुमी मेलाय, काका," ती म्हणते.

"व्हय. पर तंग कुणीतरी नीट बांधाय पायजे."

खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, तो तंग. मेथीच्या पोटावर टाक्यांचा व्रण आहे, पट्टा त्याच्या पुढं, पुढच्या पायाच्या कोपरामागं बसला पाहिजे. दफेदारांनी हे तिला चार महिने रोज सांगितलंय. ती पोत्यांवरून उठते, कोट हातात घेते आणि त्यांच्या मागोमाग जाते. रागावलेली असली तरी पाय मागोमागच जातात, पायांना अजून बातमी पोचलेली नाही.

दाणाखोलीचं दार ओलांडलं की पुढं तबेल्याची पडवी लागते. आज लागत नाही. आज ओली पांढरी फरशी आहे आणि वर मोठे दिवे आहेत. इस्पितळ. मेथी चारही खुरांना साखळ्या बांधून वर टांगलेली आहे, पाठ खाली, मान लोंबती, जशी त्या पहाटे टांगली होती. पण ती शुद्धीवर आहे. उलट्या डोळ्यांनी वैजयंताकडं बघतेय आणि गवत चघळतेय.

खाली टेबलावर घोडी असायला हवी, तर तिथं घमेलं आहे. पालथं. तोंडाला फडकं बांधलेले डॉक्टर त्यावर वाकून बघतायत. एकानं हातात कात्री घेतलीय.

"हे पालथं कुणी घातलं?" डॉक्टर विचारतात.

भिंतीशी सगळा तबेला उभा आहे. बाई आहेत, मोतद्दार आहेत, शनिवार-रविवारी शिकायला येणारी वकीलमंडळी आहेत. सगळे वैजयंताकडं बघतात.

"मी घातलं," ती म्हणते. "मीच घातलं. संध्याकाळी सहा वाजता. घालून वर एकदा चापट मारली, माशी बसली हुती म्हणून."

हे तिला आत्ता आठवतं. माशी. हिरवी माशी होती. सहा महिन्यांत हे एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता इतकं लख्ख आठवतंय की तळहाताला पत्र्याचा गारवा लागतो. ती वळून दफेदारांकडं बघते. "सांगा की! तुमी आत आला तवा कसं हुतं त्ये?"

दफेदार दिव्यांकडं बघतायत. "लई उजेड हाय हितं," ते म्हणतात. "घोडी बुजंल."

आणि दिवे नसतात. टेकाडाची वाट असते. संध्याकाळचं पिवळं ऊन, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, मधोमध मेथी. ती पोटाला पांढरा पट्टा गुंडाळून हळूहळू चाललीय. वैजयंताच्या हातात दोर आहे. दफेदार काठी टेकत मागून येतायत आणि पावलं मोजतायत, जसे शेवटपर्यंत मोजायचे.

"एकशे चाळीस. दम घिऊ दे तिला. नाकपुडी बघ."

वैजयंता नाकपुडी बघते. ठीक आहे. मग सवयीनं दुसऱ्यांदा बघते. तिसऱ्यांदा बघते.

"तीनतीनदा काय बघतीस?"

"हात माजा हाय. डोळा माजा हाय. त्यावर कोण इसवास ठेवणार?"

दफेदार पुढचं पाऊल मोजतात. काठीचं टोक मातीत रुततं, निघतं. रोज याच वळणावर ते थांबायचे, थर्मासमधून तिला गुळाचा चहा द्यायचे, आधी तिला आणि मग स्वतःला. ती हातात वाटी धरून मनात म्हणायची, एवढी मोठी चूक माझ्या हातून झाली, तरी माणूस मला चहा पाजतोय. देवमाणूस. प्रत्येक घोटाबरोबर तिनं त्यांचं खोटं गिळलंय, आणि वर आभार मानलेत.

"आजबी चा आणलाय," दफेदार म्हणतात आणि थर्मास पुढं करतात.

"ओता खाली."

"गवती चहा घातलाय त्यात."

"ओता म्हणतो न्हवं मी!" ती ओरडते, तिच्या वडलांच्या आवाजात, कारण स्वप्नात माणूस कुणाचाही आवाज काढतो. मेथी कान मागं टाकते. दफेदार निमूट झाकण काढतात आणि चहा मातीत ओततात. तो जिरत नाही. वाटेवरून ओघळत खाली जातो, आणि ते दोघं त्याच्या मागं मागं चालतात, मेथीही चालते, आणि ओघळ एका उंबऱ्यातून आत शिरतो.

दफेदारांच्या घरातली बाहेरची खोली. ही खोली ती ओळखते, पण खाटेच्या जागी ठाण आहे, ठाणात पेंढा पसरलाय, आणि पेंढ्यावर गजराकाकू निवडायचं सूप घेऊन बसल्यात. त्यांना हे दोघं दिसत नाहीत. घोडी दिसते. "ये बाई," त्या मेथीला म्हणतात आणि सरकून जागा देतात. भिंतीवर दफेदारांचा गणवेशातला फोटो आहे, त्याला हार आहे. फोटोत माणूस नाही. नुसता घोडा आहे, आणि खोगीर रिकामं.

दाराशी कट्टा आहे. कट्ट्यावर घमेलं.

"आता हितं सांगा," वैजयंता म्हणते. "हितं बाई न्हाईत, वकील न्हाईत, उजेडबी न्हाई. कसं हुतं घमेलं?"

दफेदार कट्ट्यावर घमेल्याशेजारी बसतात. मफलर सोडतात, पुन्हा गुंडाळतात. फौजेत तोफेसमोर न डगमगलेला माणूस म्हणून आख्खा तालुका ज्यांना सलाम करायचा, ते पत्र्यावरचा गंज नखानं खरवडत बसतात.

"पालथं," ते म्हणतात.

एवढंच. वैजयंताला वाटलं होतं की हा शब्द ऐकला की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरत नाही.

"मग कशापायी घातलीत चंदी?"

"चंदी न्हाई घातली. भिजवलेलं सरलं हुतं." ते बनियनला नख पुसतात. "कोरडं हरभरं घातलं. पोत्यातलं."

"कोरडं!"

पहिल्या दिवशी मोतद्दाराच्या पोराला शिकवतात ते हे, की घोड्याला कोरडा हरभरा घालू नये, पोटात फुगतो. हे तिला कुणी शिकवलं? यांनीच. इस्पितळातून परत आल्यावर यांनीच ते अख्खं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन तबेल्याबाहेर काढलं होतं, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, कुणालाही हात लावू न देता. सगळ्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. तिच्या तर सगळ्यात जास्त. "हितनं पुढं या तबेल्यात हरभऱ्याचा दाणा न्हाई," म्हणाले होते, आणि खरंच त्यानंतर कधी आला नाही. चोराच्या मनात चांदणं, आणि बघणाऱ्यांना वाटलं दिवाळी.

"खिशात मूठभर ठिवायचो," दफेदार सांगतात, तिच्याकडं न बघता. "रोज द्यायचो, तू गेल्यावर. चार दाणं, पाच दाणं. त्या दिवशी ती मागतच ऱ्हायली. नाक लावून लावून मागत ऱ्हायली. मला वाटलं, किती दिसांनी मागती ही माज्याकडं. घेतलं घमेलं, उताणं केलं, आन् भरलं."

"पर का, काका? तिचं पोट भरलेलं दिसत हुतं की तुमास्नी!"

"तुजा पाय वाजला की तिचं कान उभं ऱ्हायचं." दफेदारांचा आवाज अगदी बारीक होतो. "तू फाटकात असतानाच. माजा वाजला तर मान वळवायची न्हाई. सारंगखेड्याच्या बाजारातनं मी आणली तिला, दोन दिस ट्रकात तिच्या पायाशी बसून. माज्या गुडघ्यानं दगा दिला, बाईंनी तुला बसवलं. बरं केलं. मीच म्हटलं, वैजूला बसवा. पर ती येवढी लगेच तुजी हुईल, असं न्हवतं वाटलं मला."

मेथी पेंढ्यात तोंड घालून उभी आहे. वैजयंता नुसती श्वास घेते आणि घोडीचा कान तिच्याकडं वळतो. या क्षणी तिला तो कान नको वाटतो. या एका कानापायी तिचे सहा महिने गेले, शिकवणीतली तिची जागा गेली, लोकांच्या नजरेतली पत गेली. घरी नवरा थट्टेनं म्हणायचा, मीठ दोनदा तर नाही घातलंस? आणि ती खरोखर आमटी चाखून बघायची.

"त्ये घोडीचं समजलं," ती म्हणते. "मन हाय, जळतं. पर दुसऱ्या दिवशी? सगळ्यांसमोर माजं नाव का घेतलंसा?"

"बाईंनी इचारलं, घमेलं कसं हुतं. तोंडातनं निघालं, उताणं. एकदा निघाल्यावर मागं कसं घेऊ? समदी बघत हुती."

"मीबी बघत हुते! तुमच्याकडंच बघत हुते! मला वाटलं, आता काका म्हणतील, पोरगी खोटं बोलणार न्हाई."

गजराकाकू सूप पाखडतायत. सुपात काहीच नाही, तरी खडे बाजूला पडतायत.

"रोज म्हणायचो, आज सांगतो," दफेदार म्हणतात. "घोडी उभी ऱ्हायली की सांगतो. टाकं सुकलं की सांगतो. दुडकी चालली की सांगतो. खोगीर चढलं की मातर नक्की सांगतो."

"खोगीर चढायच्या आत तुमीच गेलासा."

"व्हय."

"आन् आता आलासा. वरातीमागनं घोडं."

दफेदार हसतात. हसू नये तिथं हसायची त्यांची खोड जुनीच. तिला त्यांचं हसणं इतकं ओळखीचं वाटतं की क्षणभर ती पण हसणार असते, आणि याचाच तिला जास्त संताप येतो. चौदाव्या वर्षी घोड्यावरून पडून दात हलला तेव्हा हाच माणूस असाच हसला होता, आणि मग तिला खांद्यावर बसवून दवाखान्यात घेऊन गेला होता. तो माणूस खरा होता की हा? दोन्ही खरे असतील तर तिनं कुणाला शिव्या घालायच्या?

"पाच वाजता तुमच्या नावाची पाटी लागणार हाय," ती म्हणते. "बाई बोलणार हायेत. मी घोडीवर बसून तुमच्या नावाखालनं जायाचं हाय. आता मी काय करू, ते सांगा."

"तंग पुढं घे. टाक्याला लागाय नको."

"त्ये न्हाई इचारलं!"

"मला तेवढंच येतं, वैजू." पहिल्यांदाच ते तिच्याकडं सरळ बघतात. डोळ्यांत चिकटा आहे, आजारपणात असायचा तसा. "बाकीचं तवाच येत न्हवतं."

"मी माफ करणार न्हाई तुमास्नी."

"नगं करूस."

"सगळ्यास्नी सांगणार हाय. चादर काढायच्या आदी."

"सांग. पर बाईंच्या उजव्या अंगाला उभं ऱ्हा आन् मोठ्यानं सांग. डाव्या कानानं त्यास्नी ऐकू येत न्हाई, लाजंपायी कुणाला सांगत न्हाईत." ते उठतात, गुडघा दाबत. "कोट दे."

ती कोट देत नाही, पण धरूनही ठेवत नाही. कोट त्यांच्या अंगात असतो. ते उजव्या खिशात हात घालतात आणि मूठ तिच्यापुढं धरतात. "ह्ये घे."

"मला नगं."

"मग कुणाला दिऊ? माज्याकडं आता घोडी न्हाई."

ती हात मागं घेते. ते तिचं मनगट धरतात, जसं लगाम शिकवताना धरायचे, अंगठा वर, बोटं मिटलेली, आणि मुठीतलं तिच्या मुठीत ओततात. बोटं एकेक करून मिटवतात. त्यांचा हात गार नाही. नेहमीसारखाच आहे, खरबरीत आणि कोमट. वैजयंता मूठ आवळते, एवढ्या रागानं आवळते की दाणे तळव्यात रुततात, आणि ती त्यांच्या अंगावर फेकायला हात उचलते.

"वैजयंता! अगं, साडेचार झाले!"

हात वरच राहतो. पत्रा, ऊन, कोंड्याची पोती. दाराबाहेर कारखानीस बाईंची काठापदराची साडी हलते. "लोक यायला लागलेत. तू अजून झोपलीयेस? मेथीचा खरारा तरी झालाय का?"

"झालाय," वैजयंता म्हणते. तिचे गाल ओले आहेत. उजवा हात हवेत आहे, मूठ घट्ट. ती हात खाली आणते आणि बोटं उघडते. आखडलीत, एकेक करून उघडावी लागतात.

तळव्यावर पाच हरभरे आहेत. कोरडे, सुरकुतलेले, टोकदार. त्यांच्या खाली पाच लाल खुणा.

ती बराच वेळ बघते. मग कोट उचलते. दोन्ही खिसे बाहेर उलटलेले आहेत, गजराकाकूंनी धुताना उलटले तसेच, स्वच्छ, शिवणीत कणसुद्धा नाही. ती पोती सरकवून बघते. कोंडा, ओट, पुन्हा कोंडा. या खोलीत सहा महिन्यांत हरभरा आलेला नाही. ती पोती पुन्हा जागच्या जागी ठेवते. कुठून आले याचा विचार करायला आज वेळ नाही.

मेथीच्या ठाणाशी आल्यावर ती थांबते. कट्ट्यावर घमेलं आहे. पालथं. दुपारी बारा वाजता तिनंच घातलंय.

घोडीला वास लागतो. वरचा ओठ लांब करून ती वैजयंताची मूठ चाचपते, ढोसते, लाडानं फुरफुरते. वैजयंता मूठ उघडत नाही. डाव्या हातानं तिचं कपाळ खाजवते आणि उजवा हात पाठीमागं धरते. "न्हाई," ती म्हणते. "तुला न्हाई."

बाई भाषणाचा कागद चाळत उभ्या आहेत. वैजयंता वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाते.

"बाई, चादर काढायच्या आधी मला बोलायचंय."

"तू? बोल की. दफेदारांबद्दल ना? दोन शब्द तूही बोलायलाच हवेत."

"दोन नाहीत," वैजयंता म्हणते. "पण लोकांसमोर बोलीन. तुम्हीही तेव्हाच ऐका."

बाई चष्म्यावरून तिच्याकडं बघतात. काहीतरी विचारणार असतात, पण तिचा चेहरा बघून कागदाची घडी घालतात आणि बाजूला होतात.

वैजयंता खोगीर चढवते. पाच दाणे मुठीत असल्यानं उजव्या हाताच्या तीनच बोटांनी काम करावं लागतं, पण होतं. तंग पोटाखालून घेते, व्रणाच्या चार बोटं पुढं, कोपरामागं, आणि हळूहळू आवळते. मेथी पोट फुगवते, सोडते. ती आणखी एक भोक आवळते. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघते. बरोबर आहे.

हात सवयीनं दुसऱ्यांदा तंगाकडं जातो. ती तो अर्ध्यातून मागं घेते, रिकिबीत पाय घालते, आणि सहा महिन्यांनी वर चढते.